वाचाघात आणि नामस्मरण

ज्या धर्मपरंपरेत यज्ञाची जागा नामाने घेतली, संस्कृताची मक्तेदारी मोडून ईश्वराचे दार ओठांच्या हालचालीइतके जवळ आणले गेले, आणि व्रते, तीर्थे, दाने यांपैकी ज्याला काहीच साधत नाही त्याने निदान नाम तरी घ्यावे असे आश्वासन पिढ्यानुपिढ्या दिले गेले, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाचे नामच एका पहाटे हरपले तर त्याच्या धर्माचे काय उरते, हा प्रश्न आपल्या कीर्तनांतून फारसा ऐकू येत नाही. नाम हे सर्वांत सुलभ साधन होय या सिद्धांतात एक गृहीत निमूटपणे दडलेले असते. ते असे की, वाणी ही प्रत्येकाची वंशपरंपरेची मिळकत असून मृत्यूखेरीज कोणीही तिच्यावर जप्ती आणू शकत नाही. अर्धांगवायूचा झटका ती जप्ती आणतो. झटक्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांची वाचा, निदान प्रारंभीच्या काळात, कमीअधिक प्रमाणात जाते; काहींची काही आठवड्यांत परत येते, काहींची वर्षानुवर्षे थोडी थोडी येत राहते, आणि काहींची येत नाही.

हा विकार, ज्याला वैद्यक वाचाघात म्हणते, मुकेपणाहून भिन्न आहे, आणि पुढचे सारे विवेचन या भेदावर उभे असल्यामुळे तो स्पष्ट करणे अवश्य आहे. मुक्या माणसाजवळ भाषा असू शकते. ती हातवाऱ्यांनी बोलते, लेखणीने कागदावर उतरते. वाचाघातात जीभ, ओठ आणि कंठ शाबूत असूनही भाषाच जखमी होते. बहुसंख्य माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतो, आणि त्या भागाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने तुंबली किंवा फुटली म्हणजे शब्द सापडेनासा होतो, सापडला तर भलताच बाहेर पडतो, वाक्याची बांधणी कोसळते, आणि वाचणे-लिहिणेही बहुधा त्याच्याबरोबर ढासळते. काहींना ऐकलेले बव्हंशी समजते पण बोलता येत नाही. काही जण उलट अस्खलित बोलतात, परंतु त्या बोलण्यातून अर्थ निघत नाही आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना नीटसे कळत नाही. पहिल्या प्रकाराचे स्थान पॉल ब्रोका याने पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली दाखवून दिले, दुसऱ्या प्रकाराचे वर्णन कार्ल वेर्निके याने १८७४ साली केले. दप्तर जागच्या जागी आहे, पण कोणता कागद कोणत्या रुमालात बांधला हे जाणणारा दप्तरदार तेवढा नाहीसा झाला आहे, अशी या माणसाची अवस्था असते. आणि दप्तर जळाले असे समजून घरचे लोक त्याच्यादेखत त्याच्या आयुष्याचे फैसले करू लागतात, हे त्याचे पहिले दुःख होय.

श्रद्धाळू मनाजवळ या संकटावर एक तयार सांत्वन असते. वाणी गेली तर गेली, मानसजप तर कोणी हिरावून घेत नाही! मनुस्मृतीने विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शतपट आणि मानसजप सहस्रपट श्रेष्ठ ठरविला आहे. तेव्हा मोठ्याने बोलण्याची शक्ती गेलेला मनुष्य हजारपट मोलाच्या साधनेकडे आपोआपच ढकलला गेला, असा हिशेब मांडता येतो. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाणींचे शास्त्रही याच बाजूने साक्ष देते असे वाटते, कारण कानांनी ऐकू येणारी वैखरी ही त्यांतली सर्वांत बाहेरची, आणि ऋग्वेदकाळापासून आपण मानीत आलो आहोत की, वाणीचे तीन हिस्से गुहेत लपलेले असून माणसे बोलतात तो केवळ चौथा.

परंतु हे सांत्वन वाचाघाताच्या उंबरठ्यावरच अडखळते. कंठाच्या रोगाने वैखरी जाते, आणि तेथे हा उपाय लागू पडेल. वाचाघाताचा घाव मात्र बहुधा मध्यमेवर पडतो, म्हणजे जेथे शब्द अजून उच्चारलेला नसतो पण मनात त्याचा आकार आणि क्रम ठरलेला असतो त्या ठिकाणीच तो पडतो. ज्याला 'विठ्ठल' हा शब्द ओठांवर आणता येत नाही, त्याला तो मनात तरी हवा तेव्हा आणता येत असेल, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? काहींना येतो, काहींना येत नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही. म्हणून 'मनात नाम घ्या हो' हा प्रेमळ उपदेश पुष्कळदा पांगळ्याला पायऱ्या चढून देवळात येण्याचे निमंत्रण दिल्यासारखा निष्ठुर होतो, आणि उपदेशकाला त्याची गंधवार्ताही नसते.

ज्यांची मध्यमा बचावली अशांचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्रजी कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचे आहे, आणि ते मला नेहमीच अत्यंत हृद्य वाटत आले आहे. १७८३ सालच्या जून महिन्यात, वयाच्या ७३ व्या वर्षी, लंडनमधील आपल्या घरी जॉन्सन मध्यरात्री जागे झाले, तेव्हा डोक्यात काही क्षण विलक्षण गोंधळ जाणवला. ते भ्याले, आणि देवाने शरीराचे काहीही करावे पण बुद्धी तेवढी राखावी अशी प्रार्थना त्यांनी केली. ती प्रार्थना मात्र बुद्धीची परीक्षा व्हावी म्हणून त्यांनी लॅटिन पद्यात रचली. पद्ये फारशी चांगली उतरली नाहीत, पण ती चांगली उतरली नाहीत हे आपल्याला कळते आहे, त्या अर्थी बुद्धी शाबूत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला! वाचा गेली होती हे त्यानंतर ध्यानात आले. वक्तृत्व सुटावे म्हणून त्यांनी मद्याचाही प्रयोग करून पाहिला, तो वाया गेला. सकाळी नोकराच्या हातात त्यांनी चिठ्ठी दिली, तेव्हा धनी बोलण्याऐवजी कागद का देतात हे त्या बिचाऱ्याला उमगेना. शेजाऱ्याला पत्र लिहिताना हात भलतीच अक्षरे काढू लागला. पुढे दोन-तीन दिवसांतच ख्रिस्ती धर्मातील प्रभूची प्रार्थना आपण बऱ्याच स्पष्ट उच्चारांनी म्हणू शकलो, असे त्यांनी एका पत्रात कळविले. जॉन्सन भाग्यवान होते. परंतु आपल्या काव्याचा दोष ओळखण्याच्या शक्तीवरून ईश्वरी कृपेचा अंदाज घेणारा हा जुना समीक्षक माणसाच्या धर्मबुद्धीविषयी जे सांगून जातो, ते पुष्कळ प्रवचनांतून मिळत नाही.

येथून प्रश्न अधिक बिकट होतो. ज्यांना साधे 'पाणी द्या' एवढे मागता येत नाही, असे कित्येक रुग्ण सायंकाळी घरात दिवा लागला आणि कोणी रामरक्षेला प्रारंभ केला म्हणजे मागोमाग सबंध स्तोत्र म्हणू लागतात. आरती ठेक्यात म्हणतात. बेचे पाढे, वारांची नावे, लहानपणी पाठ केलेली कविता, हे सारे ओघाने येते आणि ओघ तुटला की थांबते. १८ व्या शतकात स्वीडनमधील ओलोफ दालिन याने अशाच एका मनुष्याची हकिकत लिहून ठेवली आहे: उजवे अंग लुळे पडलेला तो इसम जवळजवळ एकही शब्द बोलू शकत नसे, परंतु आजारापूर्वी शिकलेली स्तोत्रे इतरांसारखी स्वच्छ गात असे आणि काही प्रार्थनाही एका विशिष्ट लयीत म्हणत असे. इंग्रज वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन याने पुढे याची मीमांसा केली. अर्थ योजून वाक्य रचणे निराळे आणि सवयीने अथवा भावनेच्या उमाळ्याने शब्द बाहेर पडणे निराळे, पहिली शक्ती नष्ट झाली तरी दुसरी टिकू शकते, असे त्याचे म्हणणे. घरच्यांना हे ठाऊक नसते. त्यामुळे 'रामरक्षा येते आणि पाणी मागता येत नाही, म्हणजे हा हट्ट आहे', असा आरोप त्या माणसावर येतो, आणि तो खोडून काढण्याची भाषा नेमकी त्याच्याजवळ नसते.

आता हे रामरक्षापठण धर्म होय की केवळ जिभेची वहिवाट? हा वाद आपल्याकडे नवा नाही. मंत्रांना अर्थच नसतो असे प्रतिपादन करणाऱ्या कौत्साचा पूर्वपक्ष यास्काने निरुक्तात नोंदला आणि खोडला. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला त्याने भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. यास्काचे खरे धरले, तर आपल्या वाचाघातग्रस्त वृद्धाचे पठण व्यर्थ ठरते. कौत्साचे खरे धरले, तर सगळ्यांचेच पठण त्याच्या पंक्तीला येऊन बसते, आणि मला वाटते नामधारकांच्या फार मोठ्या समुदायाची वस्तुस्थिती कौत्साच्या जवळची आहे. तथापि या प्रकरणाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती सोज्वळ मंडळी चर्चेत येऊ देत नाहीत. ब्रोकाच्या त्या इतिहासप्रसिद्ध रुग्णाच्या, लबोर्न्यच्या, तोंडी २१ वर्षांच्या रुग्णालयवासात 'तां' एवढा एकच उच्चार उरला होता. परंतु संताप अनावर झाला म्हणजे देवाच्या पवित्र नावाने घालावयाची एक फ्रेंच शिवी त्याच्या तोंडून अवचित स्पष्ट बाहेर पडे. कवी बोदलेअर १८६६ साली बेल्जममधील नामूर येथे एका चर्चमध्ये कोसळला, पुढे त्याचे उजवे अंग आणि वाचा गेली. ब्रुसेल्समध्ये ज्या जोगिणींच्या रुग्णालयात त्याला ठेवले, तेथे त्याच शिवीचा एक तुटका अवशेष एवढेच त्याचे भाषण राहिले होते. आनंद, नकार, कृतज्ञता, वेदना, सर्व त्या एकाच शब्दात. जोगिणी हादरून गेल्या.

जो रामरक्षा म्हणणाऱ्याच्या नावे पुण्य जमा करील, त्याने बोदलेअरच्या खाती पाप मांडलेच पाहिजे. दोघांचेही शब्द एकाच आडवाटेने आले आहेत. मला दोन्ही नोंदी अमान्य आहेत. बोदलेअर त्या तुटक्या शब्दाने जेव्हा भेटीला आलेल्या मित्राचे स्वागत करीत असेल, तेव्हा ती शिवी नव्हती. आणि आरतीच्या वेळी टाळ्यांच्या ठेक्यात ओठ हलवणारा वृद्ध ज्या क्षणी डोळे उघडून नातवाकडे पाहतो, त्या क्षणी त्याचे पठण खांबाचे राहत नाही. शब्दाचा अर्थ शब्दातच असतो हा आग्रह येथे सुटतो. तो कोणाकडे तोंड करून उच्चारला, कोणाच्या सुरात सूर मिळवून उच्चारला, यात अर्थाचा मोठा अंश असतो, आणि वाचाघात तो अंश बहुधा नेत नाही. भर्तृहरीच्या मतानुसार शब्दाच्या संपर्कावाचून जगात कोणतेही ज्ञान संभवत नाही. या मताचे सूक्ष्म अर्थ पंडितांनी अवश्य लावावेत; परंतु त्याचा ढोबळ अर्थ घेऊन, भाषा गेली म्हणजे विचारही गेला, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, व्याकरण पूर्णपणे कोसळलेले काही रुग्ण गणिते अचूक सोडवतात, आणि मॉस्कोचा संगीतकार व्हिसारिओन शेबालिन याने १९५९ च्या झटक्याने भाषा जवळजवळ संपुष्टात आल्यानंतरही संगीतरचना चालू ठेवून १९६२ साली आपली पाचवी सिंफनी पुरी केली.

उपनिषदांनी वाणीच्या जाण्याचा विचार दोनदा केला आहे. इंद्रियांमध्ये श्रेष्ठ कोण हे भांडण लागले, तेव्हा वाणी प्रथम देह सोडून वर्षभर बाहेर राहिली आणि परत येऊन विचारती झाली की, माझ्यावाचून तुम्ही जगलात तरी कसे. तेव्हा इतरांनी सांगितले की, मुका जसा बोलत नाही पण श्वास घेतो, पाहतो, ऐकतो आणि मनाने चिंतन करतो, तसे जगलो. छांदोग्यातील ही कथा प्राणाचा मोठेपणा गाण्यासाठी रचलेली आहे, म्हणून वाणीच्या त्या प्रश्नाकडे आपले लक्ष जात नाही. परंतु तिच्या अनुपस्थितीत बाकीच्यांनी संसार मोडला नाही, ही गोष्ट मला कथेच्या तात्पर्याइतकीच मोलाची वाटते. दुसरे स्थळ बृहदारण्यकातील. जनक याज्ञवल्क्याला विचारीत जातो: सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, तर मनुष्याचा उजेड कोणता? याज्ञवल्क्य म्हणतो, वाणी. कारण स्वतःचा हातही दिसेनासा होतो अशा काळोखात कोठून हाक आली, तर मनुष्य त्या हाकेच्या रोखाने चालत जातो. आणि वाणीही शांत झाली तर? तर आत्मा. आपले भाष्यकार साहजिकच या शेवटच्या उत्तराकडे धाव घेतात. मी अलीकडच्या पायरीवर थांबतो. काळोखातल्या मनुष्याला तारणारी ती वाणी त्याची स्वतःची नाही, दुसऱ्या कोणाची तरी आहे. आणि याज्ञवल्क्याचे हे म्हणणे मान्य केले तर, वाचाघाताचा धार्मिक प्रश्न रुग्णाने आपली साधना कशी चालवावी हा राहत नाही, भोवतालच्यांनी हाक कशी द्यावी हा होतो.

येथे दोन प्रचलित समजुतींचा निकाल लावला पाहिजे. एक, 'देवाने मौनाचे व्रत दिले.' मौन ज्याच्याजवळ वाणी आहे त्याने घ्यावयाचे असते. ज्याच्या घरी दरोडा पडला त्याला अपरिग्रही म्हणून हार घालणे ही चेष्टा होय. दुसरी, 'कोणत्या तरी जन्मीचे वाचेचे पाप.' मनूने शब्द चोरणाऱ्याला पुढे मुकेपण येते असे म्हटले आहे खरे; परंतु रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि अनियमित चालणारे हृदय एवढी कारणे याच जन्माच्या दप्तरी दाखल असताना मागील जन्माचे कागद उकरण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. त्याच स्मृतीने मुक्याला वारसाहक्कातून वगळून केवळ अन्नवस्त्राचा अधिकारी ठेवले होते. ती तरतूद उठवण्यास १९२८ चा कायदा यावा लागला, १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने रोग किंवा व्यंग यांवरून कोणाचाही वारसा बुडत नाही असे निःसंदिग्ध लिहिले, आणि २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्याने वाचाघाताचा नावानिशी उल्लेख करून त्याला वाचा व भाषा यांच्या अपंगत्वात स्थान दिले. कायदा स्मृतीच्या पुढे गेला. घरे मात्र अजून पुष्कळ ठिकाणी मनूच्या अमलाखाली आहेत. मुखत्यारपत्रावर अंगठा घ्यावयाचा असतो तेव्हा 'त्यांना सगळे समजते' असे साक्षीदार छातीठोकपणे सांगतात, आणि तो दस्त रुजू झाला की त्याच संध्याकाळी 'त्यांना काय कळणार' म्हणून जेवणात काय हवे हेही विचारले जात नाही.

हाक द्यावी कशी, याचे ज्ञान वाचा-उपचार करणाऱ्यांनी शंभर वर्षांत बरेच जमविले आहे, आणि त्यात गूढ असे काही नाही. एका वेळी एकाने बोलावे, दूरदर्शनचा आवाज बंद करावा, वाक्य लहान ठेवावे पण लहान मुलाशी बोलल्यासारखे बोलू नये, ओरडू नये, कारण कान गेलेले नाहीत. उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढ्यात देता येईल असा प्रश्न विचारावा, चित्रांची वही आणि पाटी हाताशी असावी. आणि तो शब्द शोधीत असताना आपण मध्येच तो पुरवू नये, निदान त्याने नजरेने मागेपर्यंत. ही शेवटची अट पाळणे किती कठीण आहे हे ज्यांनी पाळून पाहिली तेच जाणतात. आपल्या धर्माने बोलणाऱ्याच्या तपाची पुष्कळ चर्चा केली, सत्य बोलावे, प्रिय बोलावे. ऐकणाऱ्याच्या तपाची चर्चा गुरूपुढे बसलेल्या शिष्यापुरतीच आटोपली. नवविधा भक्तीत श्रवण पहिले मोजले आहे, आणि ते देवाच्या गुणकथेचे श्रवण होय. परंतु अडखळणाऱ्या भावाचे एक वाक्य पुरे होईपर्यंत घड्याळाकडे न पाहता बसून राहणे हे त्याच श्रवणात मोडते, असे कोणा कीर्तनकाराने सांगितले तर मी त्याच्या पायावर डोके ठेवीन.

त्या नऊ प्रकारांत वाणीवाचून सर्वस्वी अडते ते एका कीर्तनाचे, आणि शब्द मनातही येत नसेल तर स्मरण तेवढे संशयित राहते. पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन ही सारी जिभेला वळसा घालून जातात. अर्चनाच्या वाटेत मात्र आपण स्वतः एक धोंडा घातला आहे. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर हुकमत चालवीत असल्यामुळे वाचेबरोबर पुष्कळदा उजवा हातही जातो, म्हणजे मंत्र म्हणणारी जीभ आणि फूल वाहणारा हात एकदमच. आणि उरलेला डावा हात आपल्या शिष्टाचारात अमंगळ! तीर्थासाठी तो पुढे झाला म्हणजे पळी थबकते, घरातले कोणी तरी ओशाळून त्याचा लुळा उजवा हात उचलून धरते, तीर्थ सांडते. धर्मशास्त्राने अशक्तासाठी किती सवलती दिल्या आहेत! व्रत पत्नीने, पुत्राने, बंधूने प्रतिनिधी म्हणून पुरे करावे. इस्लामनेही ज्याला वाकता येत नाही त्याला नुसत्या मानेच्या खुणेने नमाज पढण्याची मोकळीक दिली. तेव्हा डाव्या हातावर तीर्थ घालण्यास नवी स्मृती लिहावी लागेल असे मला वाटत नाही. भटजींनी पळी जराशी सरकवली म्हणजे पुरे. स्वीडनचा कवी टोमास ट्रान्सट्रॉमर १९९० च्या झटक्यानंतर भाषा आणि उजवा हात दोन्ही गमावून बसला, तेव्हा त्याने डाव्या हाताने पियानो वाजवावयास घेतला, संगीतकारांनी केवळ डाव्या हातासाठी रचना करून त्याला दिल्या, १९९६ साली त्याचा कवितासंग्रह निघाला आणि २०११ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पारितोषिकाचे मला कौतुक कमी. त्या डाव्या हाताच्या रचना लिहिणाऱ्यांचे अधिक.

आणि सख्य. वाचाघात झालेल्याच्या घरी पहिल्या पंधरवड्यात रीघ लागते, पुढे ती ओसरते, आणि वर्षअखेर ज्यांच्याशी चाळीस वर्षे कट्ट्यावर गप्पा झाल्या तेही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाऊ लागतात. दुष्टाव्याने नव्हे, काय बोलावे हे सुचत नाही म्हणून, म्हणजे बोलण्यावाचून मैत्री करावयाची त्यांना सवयच नाही म्हणून. कोणी आलेच तर ध्वनिफितीवर हरिपाठ लावून देतात आणि पुण्य केल्याच्या समाधानाने निघून जातात. हरिपाठ लावावा, परंतु तो संपेपर्यंत शेजारी बसून म्हणावा, कारण सोबत म्हणणाऱ्याच्या ओठांकडे पाहत त्याला चार चरण साधतात ते यंत्राबरोबर साधतीलच असे नाही. आणि त्याला पूर्वी पत्त्यांचा नाद असेल तर पत्तेही काढावेत. हुकूम कोणता हे त्याला बोटाने दाखवता येते, डाव जिंकल्यावरचे हसू तर शब्दांवाचूनच येत असते. पत्ते पिसण्याचे काम तेवढे दोन हातांच्या भिडूने करावे, आणि त्याने जाणूनबुजून हरल्याचा आव मुळीच आणू नये.